दोन्ही चालू

किटचा खोका एवढा लांब होता की गॅरेजच्या दारातून तो तिरका करून आत घ्यावा लागला. माझी बायको लव्हॉन कमरेवर हात ठेवून बघत होती.

"शवपेटी मागवलीस की काय स्वतःला?"

"तुझ्यासाठी आहे. मापात बसतेस का बघ."

"मी कसली बसतेय! रुंदीला कमी पडेल," असं म्हणत तिनं खोक्याचं दुसरं टोक उचललं. माझ्याकडचं टोक थरथरत होतं. ते तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दीड-दोन वर्षांत ही कला तिला चांगलीच साधली होती.

मी व्हर्लिन हॅस्केट, वय सहासष्ट. चौतीस वर्षं विचिटाच्या विमान कारखान्यात पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकले. मी ठोकलेल्या रिव्हेटांच्या भरवशावर लोक समुद्र ओलांडून गेले आणि सुखरूप परत आले. आता मला सकाळचा कॉफीचा कप टेबलापासून तोंडापर्यंत नेण्याचा भरवसा राहिलेला नाही. पार्किन्सन. डॉक्टरनं नाव सांगितलं तेव्हा आधी राग आला, मग भीती वाटली, मग पुन्हा राग आला. तो अजून गेलेला नाही. हे फक्त तिघांना ठाऊक होतं: डॉक्टरला, लव्हॉनला आणि मला. क्लबात मी कुणाला वासही लागू दिला नव्हता.

क्लब म्हणजे आमचा रॉकेटवाल्यांचा. गहू कापून झाला की एक शेतकरी आम्हाला त्याचं रान वापरू देतो. तिथे आम्ही मोठी माणसं स्वतः बांधलेली रॉकेटं उडवतो आणि मग दोन-दोन मैल धसकटातून ती शोधत फिरतो. यात तीन पायऱ्या असतात. पहिल्या दोन मी केव्हाच पार केल्या होत्या. तिसरी शेवटची. तिची परीक्षा म्हणजे एकच उड्डाण, पण नियम कडक: ज्याचं रॉकेट, त्याचेच हात. सुट्या भागांचं किट विकत घेतलेलं चालतं, मात्र प्रत्येक सांधा स्वतः जोडायचा, प्रत्येक टप्प्याचा फोटो परीक्षकाला पाठवायचा, आणि मैदानावर रॉकेट सज्ज करायचं तेही स्वतःच. दुसऱ्यानं एक स्क्रू फिरवला तरी बाद.

लोक विचारतात, काय मिळतं त्या पायरीनं? एक कार्ड मिळतं, पाकिटात मावेल एवढं. मला ते हवं होतं. हात पुरते जायच्या आत, या हातांनी शेवटचं अवघड काम केलं असं लिहिलेलं काहीतरी मला हवं होतं. यापेक्षा शहाणं कारण माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही.

खोक्यात फायबरग्लासच्या नळ्या होत्या, माझ्या मांडीएवढ्या जाड. तीन पंख, लाकडाच्या कड्या, टोकदार नाक आणि सूचनांचा एकच कागद. त्यावर पहिलंच वाक्य होतं, 'तुम्हाला हे काम येतं असं आम्ही गृहीत धरलं आहे.' लव्हॉननं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसली. मला हसू आलं नाही.

मी गोळीच्या वेळापत्रकावर काम करायला शिकलो. गोळी घेतल्यावर चाळीस मिनिटांनी हात शांत व्हायचा आणि दोन-अडीच तास शांत राहायचा. तेवढ्यात जे होईल ते. आधी नळ्या साबणानं धुतल्या, मग जिथे जिथे एपॉक्सीचा गोंद लागणार तिथे पॉलिशपेपर मारला. पंख सरळ बसावेत म्हणून प्लायवूडचा एक सांगाडा केला. हाताला जे धरवत नव्हतं ते लाकूड धरायचं. एपॉक्सी मुद्दाम उशिरा सुकणारं घेतलं, म्हणजे चुकलं तर पुसून पुन्हा लावता यावं. पंखाच्या मुळाशी चमच्याच्या पाठीनं एपॉक्सीचा गोलसर भराव द्यायचा असतो. पूर्वी असा एक भराव मी एका हातात बिअर धरून दिला असता. आता एकेका भरावाला दोन-दोन दिवस लागले. एकदा चमचा निसटून सगळं एपॉक्सी माझ्या बुटावर सांडलं. मी तो चमचा भिंतीवर फेकला आणि मग दहा मिनिटं तोच शोधत बसलो.

फोटो लव्हॉन काढायची. नियमाप्रमाणे फोटोत माझे हात दिसायला हवेत. फोटोत हात थरथरत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. कॉर्लिसकडून उत्तर यायचं, 'सुंदर काम. हात आहेत की यंत्र?' कॉर्लिस उनरू आमची परीक्षक. शाळेत रसायनशास्त्र शिकवते, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि क्लबात माझी सगळ्यात जुनी मैत्रीण. तिचं ते उत्तर वाचून मी दोन दिवस तिच्याशी फोनवर बोललो नाही.

चूक केली ती डिसेंबरात. रॉकेटच्या मधोमध एक कप्पा असतो. त्यात दोन उंचीमापक यंत्रं असतात, एक मुख्य आणि एक राखीव. रॉकेट वर टोकाला पोचलं की यंत्र स्फोटक दारूची एक छोटी वाटी उडवतं आणि लहान पॅराशूट बाहेर पडतं; बरंच खाली आल्यावर दुसरी वाटी उडवून मोठं. मुख्य यंत्र चुकलं तर काही सेकंदांनी राखीव ते काम करतं. दोन्ही यंत्रं चालू करायची ती रॉकेट उड्डाणाच्या पॅडवर उभं केल्यानंतरच. शिडीवर चढायचं आणि नळीला पाडलेल्या पेन्सिलीएवढ्या भोकातून आतला स्विच फिरवायचा. स्विच दोन तऱ्हेचे मिळतात. एकाची पिन नुसती ओढायची असते, लहान पोरालाही जमेल. दुसऱ्यात मोहरीएवढा स्क्रू असतो, तो बारीक स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा.

"पिनवाला घे," लव्हॉन म्हणाली.

"पिन वाऱ्यानंही निघते. स्क्रू भरवशाचा."

"स्क्रू भरवशाचा आहे रे. मी स्क्रूबद्दल बोलत नाहीये."

"माझ्या गॅरेजात येऊन मला शिकवू नकोस."

ती गेली. मी स्क्रूवाले बसवले. त्या दिवशी हात चांगला चालला होता आणि मला वाटलं, असाच चालेल. खोटं कशाला बोलू, पिनवाला घेतला असता तर आजारापुढे मान तुकवल्यासारखं झालं असतं. म्हणून नाही घेतला.

परीक्षा सप्टेंबरातल्या शनिवारी ठरली. सोमवारी शेतकरी पेरणी सुरू करणार होता. त्यानंतर थेट जून, गहू कापल्यावर. उन्हाळ्यात गोळ्या एकदा वाढवून झाल्या होत्या आणि शर्टाची बटणं आता लव्हॉन लावायची. जून माझ्यासाठी नव्हताच.

सकाळी साडेनऊला मैदानावर पोचलो. साडेअकराला माझी पाळी होती, म्हणून साडेदहाला गोळी घेतली. अकराला वारा उठला. ताशी वीस मैलांच्या वर वारा गेला की उड्डाणं बंद, हा नियम. आणि तो नियम अकरा वर्षं त्या टेबलावर बसून मीच राबवला होता. क्लबाचा सुरक्षा तपासनीस मीच. एकदा नऊ तास गाडी चालवून आलेल्या माणसाचं एक यंत्र चालू झाल्याची बीप देत नव्हतं. मी त्याला तसाच परत पाठवला होता. तो रडायचा बाकी होता. मी म्हटलं होतं, "खाली माणसं उभी असतात बाबा."

बारा वाजले. एक वाजला. वारा चोवीसवर. मी पिकअपच्या सावलीत बसून हाताकडे बघत होतो. दीडला तो पुन्हा सुरू झाला, आधी अंगठा, मग मनगट. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

"दुसरी घे," लव्हॉन हळूच म्हणाली. "पण रिकाम्या पोटी. अर्धा तास काही खाऊ नकोस."

दोनला घेतली. आणि पाचच मिनिटांत कॉर्लिस आली, हातात फॉइल गुंडाळलेला डबा. तिच्या आईच्या हातचे बिअरॉक. कोबी आणि गोमांस भरलेले ते गरम पाव मी अकरा वर्षं तिच्याकडून मागून मागून खाल्लेले.

"घे ना! तोंड का पाडलंयस? नवरदेवासारखा घाबरलास की काय?"

"भूक नाही."

"तुला? भूक नाही? लव्हॉन, याला ताप आहे का बघ गं."

लव्हॉननं माझ्याकडे पाहिलं. मांसाबरोबर ती गोळी लागू पडत नाही, नुसती पोटात पडून राहते, हे आम्हा दोघांना माहीत होतं. पण कॉर्लिस समोर उभी होती आणि तिचे डोळे माझ्या मांडीखाली दाबलेल्या हातावर येऊ लागले होते. मी डाव्या हातानं बिअरॉक उचलला आणि खाल्ला. वर आणखी एक खाल्ला. ती खूश होऊन गेली.

"मूर्खा," लव्हॉन म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

पावणेचारला वारा पडला. लाउडस्पीकरवर माझं नाव घेतलं. चौदा नंबरचा पॅड, सगळ्यात लांबचा. तिथे उडवणारा आणि परीक्षक याशिवाय कुणी जायचं नाही. लव्हॉन प्रेक्षकांच्या दोरीशी कॅमेरा घेऊन थांबली. सज्ज करायचं ते माझ्याच हातांनी व्हायला हवं होतं, पण वजन उचलायला मदत चालते. कॉर्लिस आणि मी रॉकेट पॅडच्या रुळावर चढवून उभं केलं. साडेदहा फूट, निळं, आणि तीनही पंख रेघेत. पाच पावलं मागे जाऊन मी ते पाहिलं आणि मला वाटलं, देवा, एवढं झालंय ना, आता पाच मिनिटं दे फक्त. मी चर्चमध्ये जाणारा माणूस नाही, तरी मागितलं.

शिडीवर चढलो. राखीव यंत्राचं भोक माझ्या बाजूला होतं, म्हणून आधी ते घेतलं. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि स्क्रूड्रायव्हर आत घातला. तीनदा घसरला, चौथ्यांदा बसला. फिरवला. आतून आवाज आला, बीप बीप बीप. सगळं ठीक असल्याची ती खूण.

"एक झालं," मी ओरडलो.

"शाब्बास. दुसरं कर, वारा पुन्हा उठतोय."

दुसऱ्याला हात उलटा वळवावा लागत होता. स्क्रूड्रायव्हर भोकाच्या काठावर नाचायला लागला. टक टक टक टक. निळ्या रंगावर पांढरे ओरखडे उठले. मी श्वास धरला, दात आवळले, हाताला शिव्या घातल्या. स्क्रूड्रायव्हर निसटला आणि खाली पडला.

कॉर्लिसनं तो उचलून वर दिला. "ऊन लागलंय का तुला? खाली येतोस का जरा?"

"घाम आहे गं हाताला. थांब."

पुन्हा घातला. एकदा तर स्क्रूच्या खाचेत बसलाही. फक्त पाव फेरा द्यायचा होता. चौतीस वर्षांत असे किती लाख पाव फेरे दिले असतील मी. हातानं तो दिला नाही. तो हात माझा नव्हताच. खांद्याला बांधलेलं एखादं चिडलेलं जनावर असावं तसा तो उड्या मारत होता, आणि मी शिडीवर उभा राहून रडत होतो, आवाज न करता, कारण खाली कॉर्लिस होती.

लाउडस्पीकर म्हणाला, "चौदा नंबर, किती वेळ? वारा अठरा झालाय."

कॉर्लिस पाठ करून वॉकी-टॉकीवर बोलायला लागली. मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला, बाहीला डोळे पुसले आणि खाली उतरलो.

"दोन्ही चालू," मी म्हणालो.

"दोन्ही वाजले? मी बोलत होते, मला एकच ऐकू आला."

"दोन्ही वाजले."

दुसरं कुणी असतं तर ती स्वतः चढून कान लावून आली असती. मला म्हणाली, "तू म्हणतोस म्हणजे झालं," आणि शिडी काखोटीला मारून चालू लागली. मी तिच्या मागोमाग गेलो. तीनशे पावलांचं अंतर होतं. एकेका पावलावर सांगता आलं असतं.

पाच, चार, तीन. रॉकेट गेलं. त्याचा आवाज आधी छातीत येतो, मग कानात. दोरीशी उभे असलेले लोक ओरडले, कुणीतरी माझी पाठ थोपटली. सरळ, अगदी सरळ गेलं ते, पंख मी लावलेले. दीड मैल वर धूर संपला आणि एक निळा ठिपका उरला. ठिपका थांबला. आडवा झाला. तिथे मुख्य यंत्रानं वाटी उडवायची असते.

काही झालं नाही. ठिपक्यानं नाक खाली केलं आणि तो आमच्याकडे यायला लागला.

"वर बघा! सगळ्यांनी वर बघा!" लाउडस्पीकर किंचाळला. खुर्च्या उलटल्या, लोक गाड्यांच्या आडोशाला पळाले. मी टेबलाशी उभा होतो. मनात एकच शब्द होता, उघड, उघड, उघड.

मग पांढरा धूर फुटला. राखीव यंत्र. खाली आल्यावर मोठं पॅराशूटही उघडलं, जरा उशिरा, पण उघडलं, आणि रॉकेट दोरीपासून दीडशे पावलांवर धसकटात टेकलं. मग टाळ्या सुरू झाल्या. कॉर्लिसनं मला मिठी मारली. तिला वाटलं, मी आनंदानं थरथरतोय.

पास करायच्या आधी परीक्षक रॉकेट तपासतो. तिनं गुडघे टेकून एकेक बघितलं. पंख शाबूत, नळ्या शाबूत. मग कप्पा उघडला आणि थांबली. दोन वाट्या उडालेल्या होत्या. दोन तशाच, दारूनं भरलेल्या, वरची टेप जशीच्या तशी.

"मुख्य यंत्र चाललंच नाही," ती म्हणाली. "स्विचनं दगा दिला वाटतं. म्हणून तर दोन ठेवतो ना आपण." तिनं त्या वाट्या निकामी केल्या, हात पुसले आणि पाटीला लावलेला अर्ज पुढे केला. "तरी पास आहेस, म्हाताऱ्या. इथे एक ओळ लिही, 'दोन्ही यंत्रं चालू केली होती.' खाली सही कर. मग मी करते."

लव्हॉन धावत येऊन माझ्या बाजूला उभी राहिली होती, चेहरा लाल, हसतेय. मी पेन घेतलं. 'दोन्ही' लिहायला लागलो. पहिलं अक्षर मुंगीएवढं आलं, दुसरं त्याहून बारीक, आणि मग कागदावर नुसती एक थरथरती रेघ उमटत गेली. मी डाव्या हातानं मनगट दाबलं. पेन पाटीवर वाजायला लागलं, टक टक टक टक.

कॉर्लिस पेनकडे बघत होती. मग माझ्या हाताकडे. मग तिनं वळून रॉकेटच्या भोकाभोवतीचे ओरखडे पाहिले.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"फेब्रुवारीत दोन वर्षं झाली."

"आणि दुसरा स्विच?"

मी पेन पुन्हा कागदाला टेकवलं.

"व्हर्लिन. दुसरा स्विच तू फिरवलास का?"

"नाही फिरवता आला."

तिनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि त्याला टोपण लावलं. मी तिचा दंड धरला. मला लाज उरली नव्हती.

"जूनपर्यंत हे हात राहणार नाहीत, कॉर्लिस. शर्टाची बटणं हिला लावावी लागतात. बांधलं मी, सगळं मीच बांधलं, एकेका पंखाला आठवडा लागला. नीट उतरलं ना ते? कुणाला लागलं का? कर ना सही. कर गं. परत मी तुझ्याकडे काही मागणार नाही."

"नीट उतरलं," ती म्हणाली. ती रडत होती, पण टोपण तिनं काढलं नाही.

मी लव्हॉनकडे वळलो. "तू तरी सांग हिला. तू पाहिलंयस सगळं."

लव्हॉनचं हसणं कधी थांबलं ते मला दिसलं नव्हतं.

"'वर बघा' म्हणाले ना, तेव्हा सगळे पळाले," ती म्हणाली. "मी नाही पळाले. मी वर बघितलंच नाही. तुझ्याकडे बघितलं. तू जागचा हलला नाहीस. म्हटलं, व्हर्लिन हलत नाही, म्हणजे काळजीचं काही नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "मी दोरीशी तशीच उभी राहिले, उघड्यावर. तुझ्या भरवशावर."

त्या काही सेकंदांत मला तुझीच आठवण झाली होती, असं तिला सांगावंसं वाटलं. झाली नव्हती. मला ते कार्ड दिसत होतं.

"नापास लिही," मी कॉर्लिसला म्हणालो.

तिनं टोपण काढलं. "कारण लिहावं लागतं. हातांचं लिहू?"

"हातांचं नको. खोटं बोलल्याचं लिही."

तिनं ते लिहिलं.